थंडीआधीचं ऊन

मार्च २०२१च्या अखेरीस फ्रान्समध्ये अवेळी ऊन तापलं. अनेक शहरांत पारा पंचवीस अंशांच्या पुढे गेला. बर्गंडी या वाइनच्या प्रदेशातल्या उतारांवर द्राक्षवेलींचे डोळे फुटले आणि पोपटी पालवी दिसू लागली. शार्दोने ही पांढऱ्या वाइनची जात मुळातच लवकर फुटते, त्यामुळे ती सर्वांत पुढे होती. मग आठवडाभरातच ध्रुवप्रदेशाकडची हवा उत्तरेकडून खाली उतरली. ५ ते ८ एप्रिलच्या रात्रींत जवळपास साऱ्या देशातल्या बागांत तापमान शून्याखाली गेलं. तत्कालीन कृषिमंत्री ज्युलियाँ दनॉर्मांदी यांनी या घटनेला एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीची बहुधा सर्वांत मोठी शेती-आपत्ती म्हटलं. त्या वर्षी फ्रान्सचं वाइन उत्पादन आधीच्या वर्षापेक्षा सुमारे एक पंचमांशाने घटलं.

बातम्यांत अर्थातच थंडी गाजली. माझ्या मते पीक बुडवलं ते मार्चच्या उन्हाने. थंडीने फक्त शेवटचा घाव घातला. जानेवारीत हाच वेल उणे पंधरा अंशही सहन करतो. झोपलेल्या डोळ्यात पाणी कमी आणि साखर जास्त असते, वर खवल्यांचं घट्ट पांघरूण असतं. ऊब लागली की मुळांकडून रस चढतो आणि डोळा फुगतो. पुढे तो लोकरीसारखा दिसू लागतो आणि मग पान उलगडतं. या प्रत्येक पायरीवर त्याची सहनशक्ती घटत जाते. लोकरी डोळा उणे चार-पाच अंशांपर्यंत कसाबसा तग धरतो. उघडलेलं ओलं पान मात्र उणे दोनच्या आसपास गेलं की पेशींत बर्फ होतो आणि दुपारपर्यंत काळं पडून लोंबतं. म्हणजे उणे तीनची रात्र मार्चच्या मध्यावर निरुपद्रवी असते आणि महिनाभराने तीच रात्र वर्षाचं उत्पन्न घेऊन जाते.

म्हणून वसंताचा हवामान अंदाज बर्गंडीतला बागायतदार आपल्यापेक्षा वेगळा वाचतो. तीन महिन्यांच्या दीर्घकालीन अंदाजात एवढंच कळतं, की येणारा काळ सरासरीपेक्षा उबदार असण्याची शक्यता जास्त आहे की थंड असण्याची. ‘उबदार’ हा शब्द वाचून शहरातला माणूस सुखावतो. बागायतदाराला त्यात धोक्याची घंटा ऐकू येते, कारण उबदार मार्च म्हणजे लवकर फूट. नव्वद दिवसांच्या सरासरीत एखादी गोठवणारी रात्र सहज लपून जाते, आणि त्याचं नुकसान करायला तेवढी एक रात्र पुरते. ती रात्र नेमकी कधी येणार, हे फार तर चार-पाच दिवस आधी भरवशाने सांगता येतं.

त्या रात्रीची घडण समजून घेण्यासारखी आहे. थंड हवेची आघाडी येते तेव्हा वारा सुटतो, पाऊस पडतो, कधी गाराही पडतात. पण ती रात्र सहसा निभावते, कारण ढग जमिनीची ऊब अडवून धरतात आणि वारा हवा घुसळत राहतो. खरा धोका आघाडी पुढे सरकल्यावर सुरू होतो. मागे कोरडी थंड हवा उरते, आकाश निरभ्र होतं आणि सूर्यास्तानंतर वारा पडतो. जमीन आपली उष्णता मोकळ्या आकाशाकडे सोडत राहते आणि तिला टेकलेली हवा गार होत जाते. दहा-पंधरा मीटर वरची हवा त्या वेळी दोन-तीन अंशांनी उबदारही असू शकते. गार हवा जड असल्यामुळे ती उतारावरून खाली वाहते आणि खोलगट भागात साचते. बर्गंडीतले सर्वांत नावाजलेले मळे टेकडीच्या मधल्या पट्ट्यात आहेत. तिथली माती, निचरा आणि ऊन ही त्याची मुख्य कारणं असली, तरी पायथ्याला साचणाऱ्या थंडीपासून ते जरा दूर राहतात, हेही खरंच.

शिवाय अंदाजात सांगितलेलं तापमान साधारण दोन मीटर उंचीवरच्या, सावलीतल्या पेटीतलं असतं. बर्गंडीतली वेलीची फूट जमिनीपासून गुडघाभर उंचीवर असते. निरभ्र शांत रात्री तिथे आणखी दोन-तीन अंश कमी भरतात. म्हणून ‘किमान २ अंश’ असा अंदाज ऐकला की मेणबत्त्या बाहेर निघतात.

मेणबत्त्या म्हणजे पॅराफिनने भरलेले पत्र्याचे डबे. हेक्टरी तीन-चारशे डबे ओळींमधून मांडून मध्यरात्रीनंतर पेटवतात. डोंगरउतारावर हजारो ज्योती लागल्याची छायाचित्रं दर एप्रिलला जगभर फिरतात. ती देखणी असतात, पण त्यामागे रात्रभर राबणारी माणसं आणि मोठा खर्च असतो. मोठे पंखे वरची उबदार हवा खाली ओढतात. काहीजण त्यासाठी हेलिकॉप्टरही आणतात. पण २०२१च्या त्या लाटेतल्या सुरुवातीच्या रात्रींसारखी मुळात सगळीच हवा थंड असेल, तर वरून खाली ओढायला ऊबच नसते.

बर्गंडीतल्याच शाब्ली भागातला उपाय पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटा वाटतो. तिथे गोठवणाऱ्या रात्री वेलींवर पाण्याचे तुषार सोडतात. पाण्याचा बर्फ होताना प्रत्येक ग्रॅममागे ऐंशी कॅलरी उष्णता बाहेर पडते. ती मिळत राहिली तर बर्फाच्या काचेत बंद झालेली पालवी शून्याच्या आसपास टिकते. अट एकच, पाणी अखंड पडत राहिलं पाहिजे. मध्येच पंप बंद पडला, तर ओल्या पानावरून होणाऱ्या बाष्पीभवनामुळे नुकसान उलट वाढतं. या पाण्यासाठी शाब्लीजवळच्या बेन गावात मुद्दाम तलाव बांधला आहे.

२०१६च्या एप्रिलअखेरीस बर्गंडीने आणखी एक धडा घेतला. ओल्या, गारठलेल्या पालवीवर सकाळचं स्वच्छ ऊन पडलं आणि ती करपली. मोंत्राशे या जगप्रसिद्ध मळ्यातही इतकी थोडी द्राक्षं हाती आली, की सात वाइनघरांनी आपापला वाटा एकत्र करून एकच वाइन केली. पुढच्या एप्रिलमध्ये गावोगावच्या बागायतदारांनी पहाटे ओल्या गवताच्या गाठी पेटवल्या आणि धुराचा पडदा करून सूर्य अडवला. या धुराला दुसरी बाजूही आहे. २०२१मध्ये ऱ्होन खोऱ्यातल्या बागांमधल्या शेकोट्यांचा धूर ल्योन शहरावर पसरला आणि तिथली हवा बिघडली.

आपल्याकडे निफाड परिसरात पारा पाच-सहा अंशांवर आला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, पहाटे ठिबक सुरू होतं. दृश्य सारखं दिसलं तरी वेलीची अवस्था वेगळी असते. नाशिकचा वेल हिवाळ्यात झोपत नाही. ऑक्टोबरच्या गोड्या छाटणीनंतर डिसेंबर-जानेवारीत तो घड वाढवत असतो. त्यामुळे तिथे भीती असते ती मण्यांची फुगवण थांबण्याची आणि मणी तडकण्याची.

आता प्रश्न तापमानवाढीचा. जग तापत असताना गोठण्याचा धोका कमी व्हायला हवा, असं वाटणं स्वाभाविक आहे. फ्रान्सच्या त्या एप्रिलचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांना दोन गोष्टी एकाच वेळी आढळल्या. तापमानवाढ नसती तर ती थंडीची लाट सुमारे १.२ अंशांनी अधिक तीव्र असती. तरीही फूट झाल्यानंतर अशी थंडी गाठण्याची शक्यता तापमानवाढीमुळे सुमारे ६० टक्क्यांनी वाढली आहे. थंडी सौम्य झाली, पण पालवी त्याहून वेगाने पुढे सरकली. बर्गंडीतल्या बोन या गावच्या द्राक्षतोडणीच्या तारखा इतिहासकारांनी १३५४पासून लावल्या आहेत. १९८८नंतर तिथली तोडणी आधीच्या सहाशेहून अधिक वर्षांच्या सरासरीपेक्षा सुमारे तेरा दिवस आधी होते. तोडणीबरोबर फूटही लवकर येते, आणि एप्रिलच्या रात्री मात्र अजून भरवशाच्या झालेल्या नाहीत.

बागायतदाराच्या हातात मेणबत्तीहून स्वस्त असं एक हत्यार आहे, उशिरा छाटणी. काडीच्या टोकाकडचे डोळे आधी फुटतात. काडी लांब ठेवून शेवटची छाटणी मार्चअखेरपर्यंत लांबवली, तर बुंध्याकडचे कामाचे डोळे काही दिवस दबून राहतात. पण शेकडो ओळी ऐन मोसमात छाटायच्या, तर तेवढे मजूर एकदम मिळावे लागतात. मोठ्या घराण्यांना ते जमतं, लहान शेतकऱ्याला अवघड जातं.

त्यामुळे शेवटी गाडी विम्यापाशी येते. २०२१च्या धक्क्यानंतर फ्रान्सने पीकविम्याचा कायदा बदलला आणि जानेवारी २०२३पासून नवी पद्धत लागू झाली. द्राक्षांचं निम्म्यापेक्षा जास्त नुकसान झालं, तर त्यापुढच्या भरपाईत सरकार उतरतं. पण नुकसान मोजताना मागच्या तीन वर्षांची सरासरी धरली जाते, किंवा पाच वर्षांतलं सर्वांत चांगलं आणि सर्वांत वाईट वर्ष वगळून. लागोपाठची वर्षं गोठली, तर सरासरीच खाली येते आणि ज्याचं सर्वांत जास्त बुडालं त्याचा विमा सर्वांत आधी आटतो. ही मोजणी बदला, अशी तिथल्या शेतकरी संघटनांची मागणी आहे. ती मान्य व्हायला हवी. आजच्या हवामानाचं नुकसान बिघडलेल्या वर्षांच्याच मापाने मोजणं अन्यायाचं आहे.