वजन भागिले उंचीचा वर्ग

आमच्या होस्टेलच्या जिममध्ये वजनकाट्याच्या वर एक तक्ता चिकटवलाय. हिरवा, पिवळा, लाल. माझी उंची १.७० मीटर, वजन ७८ किलो. ७८ भागिले १.७० चा वर्ग, म्हणजे २७. हा झाला माझा बीएमआय. तक्त्यावर मी पिवळा. भारतीयांसाठीच्या निकषात तर २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे थेट लठ्ठ!

सुटीत दरेकसाला घरी गेलो की आजी म्हणते, "वाळला ना रे पोट्टा!" आणि होस्टेलात पाऊल ठेवलं की, "आला ढोल्या!" वजन तेच, निकाल दोन.

हसण्यावारी नेलं असतं. पण आमच्या विंगमधल्या एकाने अशाच चिडवण्याला कंटाळून दीड महिना रात्रीचं जेवण सोडलं आणि वर्कशॉपमध्ये लेथसमोर चक्कर येऊन पडला. मशीन बंद होतं म्हणून निभावलं. तेव्हा म्हटलं, हा आकडा मुळात आला कुठून ते तरी बघू.

तर हे सूत्र डॉक्टरचं नाहीच. बेल्जियमचा खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ आदोल्फ केटले याने १८३२ च्या सुमारास ते मांडलं. त्याला 'सरासरी माणूस' शोधायचा होता, कोणाचा आजार नव्हे. बीएमआय हे नाव आन्सेल कीज यांनी १९७२ साली दिलं. आता आपल्या पद्धतीने तपासा. दोन माणसं अगदी एकाच आकाराची, फक्त स्केल वेगळं, तर वजन उंचीच्या घनात वाढणार. आपण भागतोय वर्गाने! म्हणजे उंच माणसाचा आकडा उगाच फुगतो. शिवाय स्नायू किती, चरबी किती, हे सूत्राला कळतच नाही.

याचं सगळ्यात झकास उदाहरण आपल्या पुण्याचं आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय २२.३. पण चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के! युडकिन मॅरेथॉन पळणारे. याज्ञिकांचा व्यायाम म्हणे लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत पळणं. याज्ञिकांच्या गटाला पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं सरासरी २.७ किलोची आढळली, इंग्लंडमधली ३.५ किलोची. पण आपल्या बाळांत कमी होते ते मुख्यतः स्नायू; चरबी त्या मानाने टिकून होती. म्हणून आपल्याकडे काडीपैलवानालाही मधुमेह होतो. हिरव्या खान्यातल्यांनी फार खूश होऊ नये!

उलट बाजूही आहे. माघ पौर्णिमेला कचारगडच्या यात्रेसाठी दरेकसा स्टेशनवर गोंड बांधवांची गर्दी उतरते, पार छत्तीसगड-तेलंगणातून. गुहेकडची चढण पायी. भरल्या अंगाच्या बाया कडेवर पोर घेऊन बोलत बोलत चढतात, आणि आमचे सडपातळ शहरी पाहुणे दर वळणावर पाणी मागतात. अमेरिकेत डॅलसला स्टीव्हन ब्लेअर यांच्या गटाने हजारो पुरुषांना ट्रेडमिलवर चालवून पुढे वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या. १९९९ च्या त्यांच्या निष्कर्षात, दम नसलेल्या बारीक पुरुषांत मृत्यूचं प्रमाण दम असलेल्या लठ्ठांपेक्षा जास्त निघालं. याचा अर्थ मेसमध्ये चौथा गुलाबजाम माफ, असा नाही हं. पोटातली चरबी यकृताला आणि इन्सुलिनला त्रास देतेच.

म्हणून २०२५ मध्ये 'लॅन्सेट'च्याच तज्ज्ञ आयोगाने सांगितलं की नुसत्या बीएमआयवर लठ्ठपणाचं निदान करू नका, कंबरही मोजा. आपल्याकडे मर्यादा पुरुषांना ९० सेंटीमीटर, स्त्रियांना ८०. टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता! माझी ८८ आली. विंगमधल्या सगळ्यात बारीक गड्याची ९१.