मंगनीची अंगठी बोटात बसत नाही तेव्हा

उमरीतले कुटुंब मंगनीच्या खरेदीला निघाले की नांदेडच्या सराफ्यात जाते, नाही तर गाडीत बसून निजामाबाद किंवा हैदराबाद गाठते. पूर्वी सोनाराच्या डब्यातल्या तयार अंगठ्यांतून एक निवडली की काम भागत असे. आता मोबाइलवरचे चित्र दाखवून अंगठी घडवून घेतात, आतल्या बाजूला दोघांच्या नावांची अक्षरे कोरतात. माप मात्र अजून अंदाजानेच चालते. मुलीला दुकानात न्यायचे नाही आणि तिच्या घरी बोटाचे माप मागायलाही संकोच. मग ‘आपल्या धाकटीएवढंच बोट असेल’ असे म्हणून अंगठी होते, आणि मंगनीच्या दिवशी चारचौघींसमोर ती पेरावर अडते किंवा बोटात गरगर फिरते.

पुढे बहुतेक घरांत काय होते ते आपल्याला ठाऊक आहे. मुलीकडचे गप्प बसतात. ‘त्यांनी हौसेने केली आहे, आता काय सांगायचे?’ सैल अंगठीला मागून दोरा गुंडाळला जातो. तो दोरा भांडी घासताना भिजतो, त्यात कणीक अडकते. घट्ट अंगठी साबण लावून कशीबशी चढवतात आणि बोटावर वळ उठतो. यात वुजूचाही प्रश्न आहे. अंगठीखाली पाणी पोहोचले पाहिजे. सैल असेल तर ती हलवून घेणे चांगले, पण घट्ट असेल तर हलवून किंवा काढून पाणी पोहोचवणे आवश्यकच आहे. ओल्या दोऱ्याला सुकलेली कणीक चिकटली असेल तर तिच्याखाली पाणी जाणार कसे?

खरे तर अंगठीचा वेढा लहान-मोठा करणे हे सोनाराच्या रोजच्या कामांपैकी एक आहे. आपल्याकडे अंगठीचे नंबर असतात आणि एका नंबराने आतला घेर साधारण एक मिलिमीटर वाढतो. अंगठी सैल असेल तर खालच्या बाजूने तुकडा कापून टोके पुन्हा जोडतात. घट्ट असेल तर तिथेच कापून तेवढा तुकडा भरतात. जोडायला डाख लागतो. तीन मिलिमीटर रुंद आणि दीड मिलिमीटर जाडीची अंगठी दोन नंबरांनी वाढवायची तर भर पडते जेमतेम १६० मिलिग्रॅम सोन्याची, म्हणजे सव्वा-दीड गुंज. एवढ्यासाठी कुणी तिला दोरा बांधून ठेवावा, हे आम्हाला पटत नाही.

साधी, खड्याविना अंगठी नुसती ठोकून किंवा ताणूनही थोडी वाढते, पण तेवढीच पातळ होते. दोन-तीन नंबरांचा फरक असेल तर ताणून देण्याला नकार द्यावा. उलट फरक अगदी थोडा असेल तर कापण्याचीही गरज नसते. आतल्या बाजूला सोन्याचे दोन बारीक मणी डाखून दिले की अंगठी फिरायची थांबते. पेर जाड आणि बोटाचे मूळ बारीक असेल त्यांना हाच उपाय बरा.

अडचण येते ती नक्षी आणि खड्यांची. हैदराबादशी नातेसंबंध असल्याने आपल्या भागात मोत्यांच्या अंगठ्या पुष्कळ येतात. मोत्याला आच सोसत नाही. फिरोजा आणि पाचूही आचेत खराब होतात, मीना तडकतो. अशा अंगठीचा खडा आधी कोंदणातून काढावा लागतो, म्हणून मजुरी वाढते आणि त्यात सोनाराची लबाडी नसते. पूर्ण गोलाकार खडे बसवलेल्या अंगठीला तर कापायला जागाच नसते; ती बहुधा नव्याने घडवावी लागते. पांढऱ्या सोन्याच्या अंगठीवरचा रोडियमचा मुलामा आचेने जातो आणि तो पुन्हा चढवून घ्यावा लागतो.

कापण्यापूर्वी आत काय कोरले आहे ते बघा. अक्षरांच्या मधून करवत गेली की ती गेलीच. तिथेच हॉलमार्कही असतो. जुलै २०२१ पासून त्यात सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक आला आणि १ एप्रिल २०२३ पासून त्याशिवाय हॉलमार्कचे दागिने विकता येत नाहीत. दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला मात्र हॉलमार्कची सक्ती नाही. हा क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासता येतो. तो कापला गेला तर उद्या मोडीच्या वेळी घासाघीस होते, म्हणून ‘क्रमांक सोडून कापा’ असे आधीच सांगावे. अंगठी देताना आणि घेताना समोर वजन करून दोन्ही आकडे पावतीवर लिहून घ्यावेत. आणि माप संध्याकाळी द्यावे. आपल्या मराठवाड्याच्या मे महिन्यात बोटे सुजलेली असतात, डिसेंबरात तीच अंगठी सैल वाटते.

आता नाजूक भाग. ‘मंगनीची अंगठी कापणे अपशकुन’ असे काही घरांत म्हणतात. इस्लाममध्ये अपशकुनाला जागा नाही, त्यामुळे त्यावर अधिक बोलण्याची गरज नाही. सासरच्यांना न विचारता अंगठी मोडून वेगळेच काही घडवणे मात्र निकाहापूर्वी टाळावे. हनफी मतानुसार मंगनी मोडली तर दिलेली भेट जशीच्या तशी शिल्लक असेपर्यंत देणारा ती परत मागू शकतो. ती हरवली, संपली किंवा तिचे रूपच पालटले तर तो हक्क उरत नाही. दुर्दैवाने नाते तुटले तर भांडण नेमके इथे पेटते. म्हणून माप बदलायचे असले तरी मुलीच्या अम्मीने मुलाच्या अम्मीला एक फोन करावा. ‘अंगठी खूप आवडली, फक्त दोन नंबरने वाढवतो आहोत’ एवढे पुरते. अंगठी महरमध्ये धरली आहे की ती नुसती भेट आहे, तेही त्याच फोनवर ठरवावे आणि निकाहनाम्यात वजनासह लिहावे.

अंगठी अगदीच दुरुस्त होण्यासारखी नसेल तर सोनार म्हणतो, ‘ही द्या, दुसरी न्या.’ सोन्याच्या बदल्यात सोने घेताना वजन सारखे आणि व्यवहार हातोहात असावा, हा शरीअतचा नियम आहे. म्हणून आधी जुनी विकून पैसे हातात घ्यावेत, मग नवी विकत घ्यावी. स्वतःचीच अंगठी मजुरी देऊन दुरुस्त करून घेण्यात हा प्रश्न येत नाही.

नवरदेवाच्या अंगठीबद्दलही थोडे. जोडीच्या अंगठ्यांची टूम आल्यापासून मुलीच्या वडिलांवर जावयासाठी सोन्याच्या अंगठीचा भार पडू लागला आहे, जे सोने पुरुषाला घालणेच निषिद्ध आहे. त्याच नक्षीची अंगठी चांदीत होते. हनफी फिकहप्रमाणे तिचे वजन एक मिस्कालच्या आत, म्हणजे सुमारे ४.३७ ग्रॅमपेक्षा कमी हवे. जाड बोटासाठी ती वाढवताना सोनाराला हा आकडा आधीच सांगून ठेवावा, नाही तर तो हौसेने चांगली भरभक्कम सहा ग्रॅमची करून देतो.