सरहद्दीवरच्या माणसाची निवड

भारतीय संविधानाच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाने प्रत्येक नागरिकाला देशात कोठेही संचार करण्याचा आणि स्थायिक होण्याचा अधिकार दिला आहे. त्याच संविधानाच्या तिसऱ्या अनुच्छेदाने राज्यांच्या सीमा ठरविण्याचा अधिकार संसदेच्या हाती ठेवला आहे. मुंबईत किंवा पुण्यात बसून वाचणाऱ्याला या दोन तरतुदींचा परस्परसंबंध सहसा जाणवत नाही. परंतु ज्याच्या शेताचा बांध हीच दोन राज्यांची हद्द आहे, त्याच्या आयुष्यात त्या नित्य समोरासमोर येतात. त्याला बिऱ्हाड उचलून पलीकडच्या मुलखात जाता येते, पण त्याची जमीन, त्याची विहीर आणि त्याचे ग्रामदैवत जागच्या जागीच राहते. म्हणून सरहद्दीच्या कोणत्या बाजूला राहावे हा प्रश्न जेव्हा एखादे कुटुंब विचारते तेव्हा त्याचे उत्तर स्थलांतराने देता येते, आणि तोच प्रश्न जेव्हा अख्खे गाव विचारते तेव्हा संसदेच्या कायद्यावाचून त्याला उत्तर मिळत नाही. महाराष्ट्राच्या चतुःसीमांवर हा प्रश्न दोन्ही प्रकारांनी विचारला गेला आहे आणि आजही विचारला जात आहे.

या सीमा आखल्या गेल्या त्या मुख्यत्वेकरून १९५६ आणि १९६० या दोन वर्षांत. न्यायमूर्ती फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालील राज्य पुनर्रचना आयोगाच्या अहवालानंतर १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवी राज्ये अस्तित्वात आली. त्या दिवशी मुंबई राज्यातील बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, मात्र त्याचाच चंदगड तालुका मुंबई राज्यात राहून पुढे कोल्हापूर जिल्ह्यात आला. आणि निजामी अंमलात आदिलाबाद जिल्ह्याचे भाग असलेले राजुरा व किनवट हे तालुके मुंबई राज्याला मिळाले. १९६० साली गुजरात वेगळा झाला तेव्हा उंबरगाव तालुक्याचा बराच भाग तिकडे गेला, आणि नवापूरच्या रेल्वेस्थानकाचे तर दोन भाग होऊन तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात व स्टेशनमास्तरांची कचेरी गुजरातेत राहिली. नकाशावर रेघ ओढणाऱ्यांना तालुका, जिल्हा आणि बहुसंख्यांची भाषा ही परिमाणे दिसत होती. कोणत्या गावचा बाजार कोठे भरतो, लेकी कोठे दिल्या आहेत आणि रात्री-बेरात्री आजारी माणसाला कोणत्या दवाखान्यात नेतात, हे कोणत्याही महसुली दफ्तरात नोंदलेले नव्हते.

आपण कोणत्या बाजूला राहावयाचे हे जनतेला थेट विचारण्याचा प्रसंग आपल्या शेजारी एकदा घडला, तो गोव्यात. १६ जानेवारी १९६७ रोजी तेथे जनमत कौल घेण्यात आला, आणि महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळे राहावे, एवढाच प्रश्न मतदारांपुढे ठेवण्यात आला. विलीनीकरणासाठी फूल आणि वेगळेपणासाठी दोन पाने अशी चिन्हे होती. १,३८,१७० मते विलीनीकरणाच्या बाजूने पडली आणि १,७२,१९१ मते विरुद्ध पडली. ज्या पक्षाच्या नावातच महाराष्ट्र होता त्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला सत्तेवर बसविणाऱ्या त्याच जनतेने विलीनीकरणाला नकार दिला, आणि महाराष्ट्राने तो निर्णय स्वीकारला. स्पष्ट प्रश्न विचारला, प्रामाणिकपणे मते मोजली आणि फैसला मानला, तर सीमेचा कज्जा पिढ्यान्‌पिढ्या चालावा लागत नाही, हा त्या कौलाचा खरा धडा होय.

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागाला असा प्रश्न कधीच विचारला गेला नाही. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर १९६६ साली निवृत्त सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा आयोग नेमला गेला. त्याने १९६७ साली बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवण्याची आणि इतर काही गावांची उभयपक्षी अदलाबदल करण्याची शिफारस केली, ती महाराष्ट्राला मान्य झाली नाही. आंध्र आणि मद्रास यांच्या सीमेसाठी ह. वि. पाटसकर यांनी योजिलेले खेडे हा घटक, भौगोलिक सलगता आणि भाषिक बहुमत हे निकष येथेही लावावेत, अशी महाराष्ट्राची मागणी राहिली. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, आणि ८६५ गावांवर आपला हक्क आजही सांगितला आहे. या लढ्याकडे केवळ अस्मितेचा प्रश्न म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. ज्या शेतकऱ्याला स्वतःच्या जमिनीचा उतारा वाचता येत नाही, ज्याला ग्रामपंचायतीची नोटीस दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागते, त्याच्या दृष्टीने भाषा ही सरकारदरबारी शिरण्याची वाट आहे, आणि ती वाट बंद असेल तर हक्क कागदावर असूनही हाती येत नाहीत.

परंतु सीमाप्रश्नाची हीच एक बाजू असती, तर मराठी बोलणारी गावे महाराष्ट्राबाहेर जाण्याची भाषा कधी बोललीच नसती. नांदेड जिल्ह्यातील धर्माबाद, बिलोली, देगलूर या भागांतील अनेक गावांनी २०१८-१९ च्या सुमारास तेलंगणात सामील होण्याची मागणी उघडपणे केली. २०१८ पासून तेलंगणाने शेतीला चोवीस तास मोफत वीज देण्यास आरंभ केला होता आणि त्याच वर्षी प्रत्येक हंगामात एकरी ४,००० रुपये शेतकऱ्याच्या खात्यात जमा करण्याची योजना सुरू केली होती. बांधापलीकडच्या सोयऱ्याला जे मिळते ते आपल्याला का मिळू नये, असा या मागणीमागचा सरळ प्रश्न होता. सांगली जिल्ह्यातील जत तालुक्याच्या पूर्वभागात, जेथे कन्नड सर्रास बोलली जाते, सुमारे चाळीस गावांनी कर्नाटकात जाण्याचे ठराव केले होते; २०२२ च्या नोव्हेंबरात कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी त्या ठरावांचा उच्चार केला तेव्हा मोठा गहजब उडाला. ठरावांचे कारण मात्र पाणी हे होते. कृष्णेचे पाणी म्हैसाळ उपसा सिंचन योजनेतून आपल्या शिवारात कधी येईल याची वाट पाहणारी ती गावे दुष्काळामागून दुष्काळ काढीत होती. वादानंतर विस्तारित म्हैसाळ योजनेच्या कामाला गती मिळाली, आणि ज्या मागणीकडे वर्षानुवर्षे लक्ष गेले नव्हते तिची दखल हद्द ओलांडण्याचा उच्चार होताच घेतली गेली, ही गोष्ट राज्यकर्त्यांनी अंतर्मुख होऊन विचारात घेण्यासारखी आहे.

दोन्ही बाजूंना एकाच वेळी राहण्याचा प्रसंग आला आहे तो चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुक्याच्या चौदा गावांवर. माणिकगडच्या डोंगराळ पट्ट्यातील परमडोली, मुकदमगुडा, महाराजगुडा आदी या गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा ही दोन्ही राज्ये आपला हक्क सांगत आली आहेत. मराठवाड्यातून १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास पोटासाठी येथे आलेल्या अनेक कुटुंबांनी जंगल तोडून शेती केली. आज त्यांच्यापाशी दोन राज्यांच्या शिधापत्रिका आणि दोन राज्यांची मतदार ओळखपत्रे असतात, गावात एक शाळा मराठी तर दुसरी तेलुगू माध्यमाची असते, आणि निवडणुकीत उमेदवार दोन्हीकडून येतात. वृद्ध माणसाला तेलंगणात २,०१६ रुपये आणि महाराष्ट्रात १,५०० रुपये निवृत्तिवेतन मिळते, तेव्हा तो कोणाचा रहिवासी होऊ इच्छील हे उघड आहे. तथापि ज्या शेतात आयुष्य गेले त्याचा निर्वेध मालकी हक्क मिळावा, ही या लोकांची सर्वांत जुनी दरखास्त आहे, आणि दोन सरकारांच्या सवलती मिळूनही जमिनीचा पट्टा मिळत नसेल तर त्या दुहेरी नागरिकत्वाचे सुख अपुरेच म्हटले पाहिजे.

सीमा ओलांडल्याने माणसाची सामाजिक ओळखही कशी बदलते, याचे सर्वांत ठळक उदाहरण बंजारा समाजाचे आहे. एकच भाषा बोलणारा, एकाच प्रकारच्या तांड्यात राहणारा हा समाज तेलंगणात अनुसूचित जमातींत, कर्नाटकात अनुसूचित जातींत आणि महाराष्ट्रात विमुक्त जातींत मोडतो. संविधानाच्या ३४१ व ३४२ या अनुच्छेदांनुसार या याद्या प्रत्येक राज्यापुरत्या असतात, आणि एका राज्यातील अनुसूचित जातीच्या किंवा जमातीच्या माणसाने दुसऱ्या राज्यात स्थलांतर केल्यास त्याला तेथे आपोआप तो दर्जा मिळत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली दिला आहे. म्हणजे संविधानाने दिलेल्या स्थायिक होण्याच्या स्वातंत्र्याचा उपयोग करू जाणाऱ्या सर्वांत दुर्बल नागरिकालाच आपले संरक्षण हद्दीवर ठेवून पुढे जावे लागते.

ज्या कुटुंबाला निवड करणे खरोखर शक्य आहे त्याच्यासमोरही दाखल्यांचा असाच गुंता असतो. चंदगडचा विद्यार्थी जवळचे शहर म्हणून बेळगावच्या महाविद्यालयातून बारावी झाला, तर महाराष्ट्राच्या कोट्यातून वैद्यकीय प्रवेश मिळविताना त्याला अडचण येते, कारण त्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण व्हावी लागतात. उलटपक्षी वादग्रस्त सीमाभागातील मराठी विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्राने प्रवेशात खास जागा ठेवल्या आहेत, आणि ही सहानुभूती चंदगडच्या मुलापर्यंतही पोहोचावयास हवी. दोडामार्ग आणि सावंतवाडीचे तरुण नोकरीसाठी रोज गोव्यात जातात, आणि जीव धोक्यात असलेल्या रुग्णाला बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात नेणे हा तेथला जुना शिरस्ता आहे. २०१८ च्या आरंभी त्या रुग्णालयाने गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लावले तेव्हा सिंधुदुर्गात संतापाची लाट उसळली, आणि दोडामार्ग गोव्यात विलीन करावा अशी हाकही उठली. गोव्याच्या करदात्यांनी उभारलेल्या रुग्णालयाला आपला खर्च पाहणे प्राप्त होते, हे मान्य करूनही, सिंधुदुर्गाच्या वाट्याला त्या तोडीचे रुग्णालय इतकी वर्षे का आले नव्हते, हा प्रश्न महाराष्ट्राने स्वतःलाच विचारावयास हवा.

या सर्व उदाहरणांतून एकच गोष्ट निष्पन्न होते. जेथे आपली भाषा सरकारला कळते, जेथे पाणी, औषध आणि शाळा हाकेच्या अंतरावर आहे, आणि जेथे आपल्या नावाचा कागद विनासायास मिळतो, त्या बाजूला राहावे असे सरहद्दीवरच्या माणसाला वाटते. बेळगावच्या मराठी माणसाचे गाऱ्हाणे आणि जतच्या कन्नड माणसाचे गाऱ्हाणे वरकरणी परस्परविरुद्ध दिशांना तोंड करून उभे असले, तरी दोघांचीही तक्रार आपल्या राज्यात आपण उपरे ठरलो हीच आहे. अशा माणसाने पलीकडे जाण्याची इच्छा व्यक्त केली की आपल्याकडे त्यास द्रोह म्हणण्याची प्रथा पडली आहे, ती सर्वस्वी त्याज्य आहे. राजधानीपासून सर्वांत दूरचे गाव शासनाची कसोटी पाहते, आणि तेथील ग्रामसभेचा ठराव हा त्या कसोटीचा निकाल असतो.

सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय येईल तेव्हा येवो. तोपर्यंत करण्याजोगे पुष्कळ आहे. तिलारीचे धरण महाराष्ट्राच्या हद्दीत असून त्याच्या पाण्याचा मोठा वाटा गोव्याला जातो, आणि ते दोन्ही राज्यांनी मिळून उभारले. याच न्यायाने सीमेवरच्या तालुक्यांपुरती संयुक्त रुग्णालये, एकमेकांच्या शाळांच्या दाखल्यांना मान्यता आणि पाण्याच्या योजनांत शेजारच्या गावांना हिस्सा असे करार शेजारी राज्यांना करता येतील. अल्पसंख्य भाषिकांची वस्ती जेथे शेकडा पंधरा किंवा अधिक आहे तेथे महत्त्वाची सरकारी निवेदने त्यांच्या भाषेतही द्यावीत, हे १९५६ पासूनचे मान्य धोरण आहे. ते बेळगावात मराठीसाठी आणि जत-अक्कलकोटात कन्नडसाठी सारख्याच निष्ठेने अंमलात आणले पाहिजे. आपण बेळगावसाठी जो न्याय मागतो तो जतला नाकारू लागलो, तर आपल्या मागणीचा नैतिक आधारच ढासळेल. सीमेवरच्या मराठी आणि कन्नड, तेलुगू आणि कोकणी माणसाला आपल्या जागी राहून पूर्ण नागरिक म्हणून जगता यावे, आणि ज्याला पलीकडे जावयाचे असेल त्याला आपले हक्क न गमावता जाता यावे, एवढी व्यवस्था करणे हे या राज्यांचे एकमेकांविषयीचे आणि आपल्या रयतेविषयीचे प्रथम कर्तव्य आहे.