पांढऱ्यावर काळे

‘शाई’ हा शब्द मराठीत फारसीतून आला. ‘सियाह’ म्हणजे काळा, ‘सियाही’ म्हणजे काळेपणा. त्याचीच ‘शाई’ झाली. मूळ अर्थ विसरला गेला, म्हणूनच ‘लाल शाई’ म्हणताना कोणाला विसंगती जाणवत नाही. ‘दौत’ व ‘कलम’ हे शब्द अरबी. संस्कृतातील जुना शब्द मात्र ‘मषी’ किंवा ‘मसी’. दिव्याचे काजळ, डिंक व पाणी घोटून ती तयार होई.

जैन परंपरेत या शब्दाला विशेष मान आहे. भगवान ऋषभदेवांनी असि, मषि, कृषि, विद्या, वाणिज्य व शिल्प ही सहा कर्मे शिकविली, असे आचार्य जिनसेनांचे ‘आदिपुराण’ सांगते. तलवारीच्या पाठोपाठ शाईचे नाव येते आणि तिच्यात लेखन व हिशोब दोन्ही सामावतात.

असि आणि मषि यांचे हे नाते जामखेड तालुक्यातील खर्डा येथे प्रत्यक्ष दिसते. दि. 11 मार्च 1795 रोजी येथे मराठे व निजाम यांच्यात लढाई झाली. तिच्या मुळाशी थकलेल्या चौथाईच्या हिशोबाचा वाद होता. मराठ्यांच्या बाजूचे सूत्रधार नाना फडणवीस. ‘फडणवीस’ म्हणजे मुळात ‘फर्दनवीस’, हिशोबाचे कागद लिहिणारा. लेखणीतील वाद तलवारीने लढला गेला आणि पुन्हा तहाच्या कागदावरच मिटला.

पुढे हेच खर्डा व्यापारी पेठ म्हणून नावारूपास आले. व्यापारी, दुकानदार व सावकार मिळून पाचशेंहून अधिक लोक येथे असल्याची नोंद इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरमध्ये आहे. धान्य व कापड यांचा व्यवहार शब्दावर होई. पण तो वहीत चढला, ‘पांढऱ्यावर काळे’ झाले, की त्याला प्रमाण येई. शाईचे लिहिलेले सहज खोडता येत नाही. खोडले तरी डाग राहतो, आणि तो पेढीच्या नावावर राहतो. सत्य व अचौर्य ही व्रते व्यापाऱ्याने पाळावयाची ती याच पानांवर.

आज वहीची जागा संगणकाने घेतली. दिवाळीत वहीपूजन होते, ज्ञानपंचमीला ग्रंथ पूजिले जातात. परंतु अनेक घरांतील मोडी वह्या माळ्यावर वाळवीच्या स्वाधीन आहेत. रद्दीत देण्यापूर्वी त्या मोडी जाणणाऱ्यास एकदा तरी दाखवाव्यात. पूर्वजांनी मांडलेली पै न् पै तेथे आहे. वाचणाराच तेवढा हवा आहे.