कलमांचं गाव : दापोलीचं कृषी विद्यापीठ

सिल्वासाहून खानवेलकडे निघालं की पावसाळ्यात दोन्ही बाजूंना भातखाचरं लागतात. उतारावरच्या वरकस जमिनीत नागली, म्हणजे नाचणी, असते, घराशेजारी आंबा असतो. हा दादरा आणि नगर हवेलीचा प्रदेश १९५४ साली पोर्तुगिजांच्या ताब्यातून मुक्त झाला. पुढे कारखाने आले, सिल्वासा गावाचं शहर झालं, पण पाड्यांवरची शेती आजही उत्तर कोकणाच्याच वळणाची आहे. या शेतीला स्वतःचं कृषी विद्यापीठ मात्र या प्रदेशात नाही. उत्तरेला नवसारीचं आहे. मराठीतून कोकणच्या शेतीचा सल्ला देणारं विद्यापीठ म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोलीचं. त्याचं कार्यक्षेत्र सिंधुदुर्गापासून पालघरपर्यंत, म्हणजे थेट नगर हवेलीच्या सीमेपर्यंत पोहोचतं.

दापोलीला जुनी माणसं अजून ‘कॅम्प दापोली’ म्हणतात, कारण इथे इंग्रजांची लष्करी छावणी होती. कृषी महाविद्यालय १९६५ साली सुरू झालं आणि १८ मे १९७२ रोजी कोकण कृषी विद्यापीठाची स्थापना झाली. १९६३ साली काही दिवस राज्याचे हंगामी मुख्यमंत्री असलेल्या बाळासाहेब सावंत यांचं नाव त्याला २००१ मध्ये मिळालं. शेती, उद्यानविद्या, वनशास्त्र, कृषी अभियांत्रिकी असे विभाग इथे आहेत. मत्स्यशास्त्राचं महाविद्यालय रत्नागिरीजवळ शिरगावला आणि काढणीपश्चात व्यवस्थापनाची संस्था किल्ला-रोह्याला आहे. कर्जतचं भात संशोधन केंद्र तर विद्यापीठाहूनही जुनं, १९१९ सालचं.

या विद्यापीठाचं मोठेपण मात्र रोपवाटिकेत कळतं.

हापूसच्या दोन दुखण्यांनी बागायतदार पिढ्यान्‌पिढ्या हैराण आहे. झाड एक वर्ष धरतं आणि पुढचं वर्ष रुसतं. शिवाय वरून सोन्यासारखा दिसणारा आंबा कापला की आत साका, म्हणजे न पिकलेला पांढरट गर, निघतो. दापोलीच्या शास्त्रज्ञांनी नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ काढला आणि १९८१ साली तो शेतकऱ्यांच्या हाती दिला. तो दरवर्षी फळतो आणि त्यात साका होत नाही. मग रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून १९९२ मध्ये ‘सिंधू’ आला. त्याची कोय इतकी बारीक की फळ जवळजवळ सगळं गराचंच. चवीच्या बाबतीत बाजारानं हापूसची गादी कुणाला दिली नाही हे खरं, पण बागेत दहा-वीस झाडं रत्नाची असली तर हापूस न धरलेल्या वर्षीही हाती काही पडतं. हा हिशेब कोकणात अजून पुरेसा रुजलेला नाही, याची खंत वाटते.

वाणांपेक्षाही मोठं काम कलमांच्या पद्धतीत झालं. पूर्वी भेटकलम बांधत. रोपाची कुंडी मातृवृक्षाच्या फांदीपर्यंत मांडवावर चढवायची, फांदी न तोडता तिच्याशी रोप बांधायचं आणि महिनोन्‌महिने पाणी घालत राहायचं. एका झाडावर अशी कलमं किती होणार? दापोलीनं कोयकलमाची रीत घोटून पक्की केली. पावसाच्या तोंडाला कोयी रुजत घालायच्या, तांबूस कोवळा कोंब दोन आठवड्यांचा झाला की त्यावर निवडक झाडाची काडी पाचर पद्धतीनं बसवायची आणि कलम पिशवीत वाढवायचं. काजूसाठी मृदुकाष्ठ कलमाची रीत बसली. १९९० च्या सुमारास राज्य सरकारनं रोजगार हमीतून शंभर टक्के अनुदानाची फळबाग योजना आणली, तेव्हा लाखो कलमांची मागणी एकदम उभी राहिली. या रीती हाताशी नसत्या तर कोकणातल्या कातळांवर आणि वरकस जमिनींवर आज दिसणारे आंबा-काजू उभे राहिले नसते.

काजूचं श्रेय वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राचं. ‘वेंगुर्ला-४’ हा वाण बंगालातला मिदनापूर रेड आणि वेंगुर्ल्याजवळच्या वेतोरे गावचं एक झाड यांच्या संकरातून झाला. आंबा देठासकट उतरवणारा ‘नूतन झेला’ही दापोलीचाच. देठ राहिला की चीक फळावर सांडत नाही, साल डागाळत नाही आणि पेटीला भाव मिळतो. कोकमाच्या बियांपासून लावलेल्या झाडांत निम्मी नर निघतात, त्यांना फळ धरत नाही. ‘कोकण अमृता’ आणि ‘कोकण हातीस’ यांची कलमं घेतली की ही फसगत टळते.

मे-जूनमध्ये इथली वर्दळ वाढते. १८ मे रोजी वर्धापनदिन असतो. याच सुमारास राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांची संयुक्त बैठक पाळीपाळीनं एकेका विद्यापीठात भरते. तिला सगळे ‘जॉइंट अ‍ॅग्रेस्को’ म्हणतात. नवे वाण, अवजारं आणि शिफारशी तिथे तज्ज्ञांपुढे मांडल्या जातात, त्यांची उलटतपासणी होते आणि त्यातून उतरलेलंच शेतकऱ्यांपर्यंत जातं. पाऊस पडला की रोपवाटिकेत कलमांसाठी गाड्या लागतात. पदवीच्या शेवटच्या वर्षाची मुलंमुली ‘कृषिदूत’ आणि ‘कृषिकन्या’ म्हणून गावात जाऊन राहतात, रांगोळीनं गावाचा नकाशा काढतात, बीजप्रक्रिया करून दाखवतात, बोर्डो मिश्रण बनवायला शिकवतात. शहरात वाढलेल्या मुलाला चिखलणीत उतरवणारा हा अभ्यासक्रम विद्यापीठाच्या सगळ्या परीक्षांपेक्षा मोलाचा म्हणायला हवा.

सिल्वासाच्या शेतकऱ्याला यातलं काय उपयोगी? हापूसच्या भौगोलिक मानांकनात २०१८ साली पालघर जिल्हाही आला आणि पालघरला विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे. पण नगर हवेलीच्या पाड्यांना आंब्याहून नागली आणि भात जवळचे. ‘दापोली-१’, ‘दापोली-२’ आणि पांढऱ्या दाण्याची ‘दापोली सफेद’ हे नागलीचे वाण डोंगरउतारासाठीच आहेत. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जगभर साजरं झालं, शहरांत नाचणीची बिस्किटं महाग झाली. पाड्यावर मात्र घरच्या भाकरीपुरती पेरणी तेवढी उरली, तर त्या वर्षाचा उपयोग काय?

केंद्रशासित प्रदेशाची आणि राज्याची हद्द कागदावर आहे, पाऊस आणि माती दोन्हीकडे सारखीच आहे. प्रशासनाच्या कृषी विभागानं खानवेल भागातल्या शेतकऱ्यांची एक सहल जूनमध्ये दापोलीला न्यावी. ज्यांना स्वतः जायचं असेल त्यांनी वापीहून वसईमार्गे कोकण रेल्वेचं खेड स्थानक गाठावं. तिथून दापोली साधारण तीस किलोमीटर आहे. कलमं आणायची असतील तर पहिल्या पावसाआधी चौकशी करून ठेवा, चांगल्या वाणांची मागणी लवकर संपते.