प्रादेशिक पडदा (भाग 5) : तेलुगू मालक, मराठी बातम्या

अल्फा मराठीची सुरुवात आपण गेल्या आठवड्यात पाहिली. 15 ऑगस्ट 1999 ला झी समूहाने ती वाहिनी काढली आणि वर्ष उलटायच्या आत, जुलै 2000 मध्ये, तिला तगडा स्पर्धक मिळाला. तो मुंबई-पुण्याचा नव्हता. ई टीव्ही मराठीचे मालक तेलुगू होते, वृत्तविभाग हैदराबादबाहेरच्या रामोजी फिल्म सिटीत होता, आणि बातम्या मात्र गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या. हे कसे जमले, ते समजून घ्यायला वाहिनीच्या बरेच मागे जावे लागते.

चेरुकुरी रामोजी राव हे आंध्रातील कृष्णा जिल्ह्याच्या पेदपारुपुडी गावच्या शेतकरी घरातले. 1962 मध्ये त्यांनी मार्गदर्शी चिट फंड काढला. चिट फंड म्हणजे आपली भिशीच, फक्त कायद्याने नोंदलेली. सभासद दरमहा ठरलेली रक्कम भरतात आणि जमलेल्या रकमेचा लिलाव होतो. ज्याची नड मोठी, तो जास्त सूट सोडून रक्कम उचलतो. सोडलेली सूट बाकीच्यांत वाटली जाते आणि चालवणाऱ्याला त्याचे कमिशन मिळते. या धंद्यात लहान गावातल्या दुकानदाराची, शिक्षकाची, बागायतदाराची ऐपत आणि नड दोन्ही कळतात. रामोजी रावांचे पुढचे सगळे उद्योग याच माहितीवर उभे राहिले, असे मला वाटते. 1969 मध्ये त्यांनी शेतकऱ्यांसाठी ‘अन्नदाता’ मासिक काढले आणि 10 ऑगस्ट 1974 ला ‘ईनाडु’ हे दैनिक.

‘ईनाडु’ निघाले विशाखापट्टणमहून. तेव्हा तेलुगू वृत्तपत्रांचे बस्तान विजयवाड्यात होते आणि विशाखापट्टणमच्या वाचकाला अंक उशिराच मिळायचा. ‘ईनाडु’ तिथेच छापले जायचे, म्हणून उजाडायच्या आत दारात पडायचे. पुढची पायरी त्याहून महत्त्वाची ठरली. 1980 च्या दशकाच्या अखेरीस मुख्य अंकासोबत प्रत्येक जिल्ह्याची वेगळी पुरवणी सुरू झाली. तालुक्याचा मोर्चा, बाजार समितीतले भाव, शाळेचा निकाल, सगळे त्यात. तालुक्याच्या गावचा सराफ किंवा कापडवाला राज्यभरच्या अंकात जाहिरात देऊच शकत नव्हता. दर परवडायचा नाही, आणि दोनशे मैलांवरचा वाचक त्याच्या दुकानात येणारही नव्हता. जिल्हा पुरवणीतली चौकट त्याला परवडली. म्हणजे गावची बातमी गोळा करायचा खर्च गावच्याच जाहिरातीतून निघू लागला. भारतीय भाषांतल्या वृत्तपत्रांच्या धंद्यात इतकी नेमकी युक्ती क्वचितच कुणाला सुचली असेल.

27 ऑगस्ट 1995 ला तेलुगू ई टीव्ही सुरू झाली आणि 1996 मध्ये रामोजी फिल्म सिटी उभी राहिली. सेट, चित्रीकरण, संकलन असे सारे काही आपल्याच आवारात, त्यामुळे कार्यक्रमाचा खर्च हातात राहायचा. एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांच्या ‘पाडुता तीयगा’ या गाण्याच्या स्पर्धेने घराघरांत जागा मिळवली. मग हीच घडी इतर भाषांत बसवायचे ठरले. 2000 ते 2002 या अवघ्या दोन वर्षांत बांगला, मराठी, कन्नड, उर्दू, गुजराती, उडिया आणि उत्तर प्रदेश, बिहार, मध्य प्रदेश, राजस्थानसाठीच्या वाहिन्या एकामागून एक सुरू झाल्या.

मराठीपुरते बोलायचे तर ई टीव्हीचे मोठे काम बातम्यांचे. जिल्ह्याजिल्ह्यांत वार्ताहर नेमलेले. त्यांनी पाठवलेली दृश्ये हैदराबादला पोहोचायची, तिथल्या मराठी डेस्कवर बातमी लिहिली जायची, निवेदक तिथूनच वाचायचे. महाराष्ट्रातली कितीतरी तरुण मुले-मुली त्यासाठी हैदराबादला राहायला गेली आणि टीव्हीची पत्रकारिता तिथे शिकली. पुढे 2007-08 मध्ये स्टार माझा, झी 24 तास, आयबीएन लोकमत या चोवीस तासांच्या वाहिन्या आल्या, तेव्हा त्यांना हाताशी तयार माणसे मिळाली, त्यातली बरीच या डेस्कवर घडलेली. मनोरंजनात रोहिणी हट्टंगडींची ‘चार दिवस सासूचे’ 2001 ते 2013 अशी अकरा वर्षे चालली आणि तिचे 3 हजारांहून जास्त भाग झाले.

पण वृत्तपत्राची युक्ती टीव्हीवर अर्धीच लागू पडते. छापखान्यात जिल्ह्यागणिक पान बदलता येते. उपग्रहावरून उतरणारे चित्र मात्र नंदुरबारला आणि कोल्हापूरला एकच असते. बातमीचा खर्च जिल्हावार होत राहिला, पण जिल्ह्याच्या सराफाला परवडणारी जाहिरात टीव्हीवर देता येईना. उत्पन्न राहिले ते साबण-चहाच्या मोठ्या कंपन्यांचे, आणि त्यांचे पैसे मुंबईतल्या जाहिरात संस्था टीआरपी पाहून वाटतात. ‘ईनाडु’ला जे पोसत होते, तेच ई टीव्हीला मिळाले नाही.

तरीही वाहिनी हातातून गेली ती या कारणाने नाही. 2006 मध्ये समूहाच्या मार्गदर्शी फायनान्सियर्स या दुसऱ्या संस्थेने लोकांकडून घेतलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात बसत नाहीत, अशी तक्रार काँग्रेसचे खासदार उंडवल्ली अरुण कुमार यांनी केली. ठेवी परत करायची वेळ आली आणि समूहाला मोठ्या भांडवलाची गरज पडली. ब्लॅकस्टोन या अमेरिकी गुंतवणूक कंपनीशी 2007 मध्ये ठरलेला व्यवहार सरकारी मंजुरीत अडकला आणि बारगळला. मग रिलायन्सचा पैसा आला. जानेवारी 2012 मध्ये रिलायन्सच्याच पाठबळावर नेटवर्क18 समूहाने ई टीव्हीच्या वाहिन्या घेत असल्याचे जाहीर केले. हिंदी पट्ट्यातील व उर्दू वृत्तवाहिन्या पूर्ण, मराठी, कन्नड, बांगला, गुजराती, उडिया या निम्म्या, आणि तेलुगू वाहिन्यांत सुमारे 24.5 टक्के. दोन वर्षांनी, 2014 च्या जानेवारीत, तो व्यवहार 2 हजार कोटी रुपयांच्या वर रकमेला पुरा झाला. मार्च 2015 मध्ये ई टीव्ही मराठीची कलर्स मराठी झाली.

मराठी प्रेक्षकाने पाठ फिरवली म्हणून ही वाहिनी विकली गेली नाही. तिचे भवितव्य ठरवले ते दुसऱ्या राज्यातल्या, दुसऱ्या धंद्यातल्या देण्यांनी. ज्या समूहाची एक संस्था अडचणीत आली की दुसरी विकावी लागते, त्याच्या हाती एखाद्या भाषेचे बातमीचे जाळे असणे किती बेभरवशाचे असते, हे मराठी वृत्तव्यवसायाने पुरेसे लक्षात घेतले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्या डेस्कवर किंवा जिल्हा वार्ताहर म्हणून काम केलेल्या वाचकांना एक विनंती. जुन्या बातमीपत्रांच्या टेप, पटकथा, हजेरीपटाचे कागद जे काही घरात असेल ते टाकू नका. त्या काळाच्या आठवणी लिहून काढा आणि आमच्याकडे पाठवा. पुढच्या आठवड्यात चेन्नईच्या सन टीव्हीकडे वळू.