दोष कुणाचा, ते मागाहून पाहू

सीताबर्डीत व्हेरायटी चौकातून महाराजबागेच्या बाजूला वळलं की फेरीवाल्यांचा गलका मागे पडतो आणि म्यूर मेमोरियल हॉस्पिटल लागतं. बर्डीवर खरेदीला येणाऱ्या किती जणांना त्याचा इतिहास ठाऊक असेल कोण जाणे! स्कॉटिश मिशनने १८९६ साली बायका-मुलांसाठी हा दवाखाना उघडला. पुरुष डॉक्टरला दाखवायचं नाही म्हणून बाईचं दुखणं अंगावर काढण्याचे ते दिवस.

त्याच वर्षी मध्य प्रांतात पावसाने दगा दिला. नागपूर या प्रांताची राजधानी. सरकार मदत देई, पण जोखून: खडी फोडा, माती वाहा, मग मजुरी घ्या. फुकट दिलं की लोक आळसावतात, ही साहेबांची पक्की समजूत. १८७७च्या दुष्काळात तर रिचर्ड टेंपलने धडधाकट माणसाची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे जेमतेम अर्धा किलो, आणि वर थोडे पैसे, इतकी खाली आणली होती. आपल्याकडची रीत तरी कुठे निराळी होती? गरिबी म्हणजे गेल्या जन्मीचं पाप आणि विधवा म्हणजे पांढऱ्या पायाची.

मदतीआधी दोष मोजण्याचा हा हिशेब पंडिता रमाबाईंनी नाकारला. आई, वडील आणि बहीण त्यांनी दुष्काळाच्या फरफटीतच गमावली होती. १८८३च्या सुमारास लंडनमध्ये फुलहॅमला त्यांनी ख्रिस्ती जोगिणींचं एक घर पाहिलं. समाजाने ‘वाया गेलेल्या’ ठरवलेल्या बायकांना तिथे मायेने वागवलं जाई. असं का, हे विचारल्यावर एका सिस्टरने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरची गोष्ट वाचून दाखवली. ज्यू माणूस शोमरोनी लोकांशी व्यवहार ठेवत नसे. तरी येशू एका शोमरोनी बाईकडे पाणी मागतो, आणि तीही पाच नवरे होऊन सहाव्याबरोबर राहणारी. पाणवठ्यावरची शिवाशिव पाहिलेल्या रमाबाईंना यातली धग समजावून सांगायची गरज नव्हती. २९ सप्टेंबर १८८३ला त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

१८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात फिरल्या. सरकारी गरीबखान्यांतही तरण्या पोरींवर टपलेले लांडगे त्यांनी पाहिले. सुमारे ३०० मुली आणि विधवा त्यांनी आणल्या. त्यांच्यासाठी पुणे जिल्ह्यात केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. १९००च्या दुष्काळानंतर तिथली संख्या दीड हजारावर गेली. बदनाम ठरलेल्या बायकांसाठी कृपासदन वेगळं होतं. आत यायला चारित्र्याचा दाखला लागत नसे.

टीका व्हायची ती झालीच. रमाबाईंच्याच आधीच्या शारदा सदनातल्या धर्मांतरांवरून १८९३ साली पुण्यात गदारोळ उठला होता, ‘केसरी’नेही झोडपलं होतं. भुकेल्याला अन्नाबरोबर धर्म वाढणं खटकणारच, आणि हा आक्षेप निव्वळ द्वेषातून आला असं म्हणता येत नाही. पण टीकाकारांपैकी किती जणांनी त्या पोरींना आपल्या घरात घेतलं असतं, हेही विचारावं लागतं.

केडगावात नुसती भाकरी मिळत नव्हती. विणकाम, शेती, दूधदुभतं होतं. आंधळ्या मुली ब्रेल शिकत. छापखान्यात बायका खिळे जुळवत. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं मराठी बायबल तिथेच छापलं गेलं. ते १९२४ साली पूर्ण बाहेर आलं, तेव्हा रमाबाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती. मुक्ती मिशन केडगावात अजून सुरू आहे.